जेठा कोंब

वेलाचा शेंडा कट्‌कन मोडला, कोवळी काकडी मोडावी तसा. हातभर लांब, लवेनं भरलेला, टोकाला वेलाची वळणदार तार अजून हलत होती. स्वरूपाला बरं वाटलं. न सांगता एक काम उरकलं.

वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला तिचे सासरे, महिपती तात्या, उकिडवे बसून भोपळ्याच्या वेलावरून बोटं फिरवत सरकत होते. मोतीबिंदूमुळं त्यांना हातभरापलीकडचं सगळं धुरकट. वेल ते बोटांनीच वाचायचे. पेर लागलं की मूठभर माती दाबायची, तिथं मुळी धरते. पानाच्या बगलेतली फूट लागली की नखानं खुडायची.

"बगला समद्या खुडून टाकायच्या, पोरी," ते आपल्याच नादात बोलले. "मोठा शेंडा तेवढा जपायचा. आजून चार हात गेला की त्याच्यावर जी कळी धरंल, तिलाच सगळा रस. शेतीच्या परदर्शनात चौघांनी उचलाया लागंल, आसा भोपळा नेतो का न्हाय बघ."

स्वरूपाच्या हातातली तार हलायची थांबली होती.

लासुर्ण्याला, माहेरच्या उसात, तिला उलटं शिकवलं होतं. जेठा कोंब मोडायचा, म्हणजे भोवतीचे फुटवे जोमानं उठतात. इथंही तिनं सगळ्यात जाड कोंब बघितला आणि मोडला. सासरी, सांगवीत येऊन तिला दीड महिना झाला होता.

तिनं शेंडा ओढणीत दडवला.

तात्या जवळ येत होते. एक पेर, मूठभर माती. एक बगल, खुडली. पुन्हा पेर, पुन्हा माती. वेल आणखी लांब असता तर, असं तिला वाटलं. सांगवीपासून लासुर्ण्यापर्यंत.

शेवटच्या बगलेवर त्यांनी नख टेकवलं आणि दुसरा हात पुढं नेला. बोटाला ओल लागली. त्यांनी ते बोट अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं. मग नख टेकवलेली बगल हळूच सोडून दिली.

"जेठा मोडलास व्हय?" तिलाच ऐकू जाईल एवढ्यानं त्यांनी विचारलं.

स्वरूपानं मान डोलावली. त्यांना ती दिसली नसणार हे उमगून "व्हय" म्हणाली.

तेवढ्यात बांधावरून चुलतसासू शकुबाईची हाक आली. "ओ तात्या! वेल पुढनं बोडका का वो दिसतोय? शेंडा कुठं गेला?"

"म्याच मोडला."

"तुमी? आवो, कुत्रं वाफ्यातनं गेलं तर तुमच्या शिव्या येशीपतूर ऐकू येत्यात!"

"औंदा वेल रस्त्याकडं वळवायचाय. ऊन चांगलं हाय तिकडं."

"आन् ह्या नवरीनं ओढणीत काय धरलंय?"

"कोवळं शेंडं. भाजीला. तुला बी धाडतो वाटीभर. आता पळ, दूध उतू गेलं आसंल तुझं."

"आग बाई!" म्हणत शकुबाई खरंच पळाली.

तात्यांनी ती सोडून दिलेली अंगठाभर लांब बगल मातीवर टेकवली, बाभळीचं बेचकं रोवून रस्त्याकडं सरळ केली. तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "ही आता मोठी."

"परदर्शन गाठंल का, तात्या?"

"न्हाय गाठत. आठ-धा दिस मागं पडलं." त्यांनी हाताची माती झटकली. "भोपळा मातुर धरंल."

स्वरूपाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिचं नाक ओढणं तात्यांनी ऐकलं असावं. ते ढोपरावर हात टेकून उठले, दोन पावलं बाजूला झाले.

"पलीकडच्या अंगाच्या बगला ऱ्हायल्यात. खुड."

"मी?"

"मग काय शकुबाईला बोलावू?"

ती गुडघ्यावर बसली. पहिली बगल सापडली. नख टेकवलं आणि तात्यांकडं बघितलं.

तात्यांनी पाठ फिरवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. रस्ता त्यांना दिसत नव्हता. तरी बराच वेळ ते तिकडंच बघत राहिले.