आवाज न दिलेली चपराक

दोन रबरी हातमोजे. कबुतर उडालं.

कॉर्नफ्लोअरची पिशवी. बर्फातून कुणीतरी चाललंय.

पोलीस ठाण्यातला एक तक्रार अर्ज. साक्षीदारांचा रकाना कोरा.

वाळू भरलेली चामड्याची पिशवी. पोटात गुद्दा.

उजवी मांडी, स्वतःची. चपराक.

"ताई, फक्त एक चपराक," निर्माता म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

ताई स्टुलावर बसल्या होत्या. समोर माइक, त्यापुढे पडदा. बावीस वर्षं त्या याच बंद खोलीत सिनेमांना आवाज देत होत्या. पावलांचे, दारांचे, माराचे. सिनेमात माणूस माणसाला मारतो तेव्हा हात लागत नाही. गालाच्या चार बोटं अलीकडून जातो. बाकीचं काम ताईंच्या मांडीचं.

आज पडद्यावर सिनेमा नव्हता. गेल्या आठवड्यातला पुरस्कार सोहळा होता, रविवारी टीव्हीवर दाखवायचा. विनोदी नट मंचावर उभा होता. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून सगळे त्याला काडीपैलवान म्हणत. पहिल्या रांगेतून हिरो उठला, पायऱ्या चढला आणि त्याने हात फिरवला. थप्प. ओलं फडकं फरशीवर पडावं तसा आवाज. काडीपैलवान मटकन खाली बसला. सभागृहात चारशे माणसं होती. त्यातला एकही जागचा हलला नाही.

खऱ्या चपराकीला आवाज फारसा नसतो. त्यावरच तर ताईंची बावीस वर्षं निघाली होती.

"या थप्पच्या जागी तुमचा दणदणीत आवाज बसवायचा," निर्माता सांगत होता. "मागे हशा सोडायचा. बघणारा म्हणेल, अरे, हे तर ठरवून केलेलं. मग फिरू दे त्या काडीपैलवानाला पोलिसातला अर्ज घेऊन दारोदार."

"आणि तिथे बसलेले चारशे जण?"

"पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरतो, ताई?"

मासा मागच्या सोफ्यावर बसला होता. हिरो या खोलीत आजवर एकदाही आला नव्हता.

"तुमच्यासाठी उठला माझा हात, ताई," तो म्हणाला.

पत्रकारांनाही त्याने हेच सांगितलं होतं. थोरल्या बहिणीसारखी आहे ती मला, चारचौघांत तिच्यावर विनोद झाला, सहन झालं नाही. लोकांना ते आवडलं होतं. भाऊ असावा तर असा, असं बोललं जात होतं. बहिणीला कुणी काही विचारलं नव्हतं.

"पुन्हा लाव रे," ताई म्हणाल्या.

काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने चित्र मागे नेलं. काडीपैलवान पुन्हा उभा राहिला. "साहेबांच्या हाताला सगळा देश टरकून आहे," तो बोलू लागला. "पण आवाज कुणाचा? अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईच्या मांडीचा. मारतात साहेब आणि वळ उठतो बाईंना." काही जण हसले. मग हिरो उठला. थप्प.

"ऐकलंत?" हिरो म्हणाला. "तुमच्या वयाचा तरी मान ठेवायचा. आतली गोष्ट चव्हाट्यावर आणली त्याने."

"आतली म्हणजे कुणाच्या आतली?"

"ताई, मी आपली बाजू घेतोय."

"माझी बाजू तुला माहीत आहे? नाव माहीत आहे का माझं?"

हिरोने निर्मात्याकडे पाहिलं. निर्मात्याने हातातल्या कागदांकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टला एकदम खोकला आला.

"जाऊ दे," ताई म्हणाल्या. "तुझ्या एकतीस सिनेमांत ते चुकूनसुद्धा छापलं नाही कुणी, तू कुठून लक्षात ठेवणार?"

"छापू की," निर्माता घाईने म्हणाला. "पुढच्या सिनेमात मोठ्या अक्षरांत. आता एक चपराक द्या आणि विषय मिटवा."

ताईंनी साडी सारखी केली. उजवा हात उचलला. रेकॉर्डिस्टने लाल दिवा लावला. खोलीत सगळे गप्प झाले. लाल दिवा लागला की गप्प व्हायचं, हा इथला नियम.

ताईंनी हात अलगद मांडीवर ठेवला.

"एकतीस सिनेमे याच्या हाताला आवाज मी दिला," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "याची खोटी प्रत्येक चपराक माझ्या मांडीवरून गेली आहे. ही माझ्याकडे आली नाही, म्हणजे ही लागली. आता ही त्याच्याच नावावर राहू दे. ठाण्यात जाऊन मी एवढंच सांगणार आहे."

लाल दिवा चालूच होता.

"ताई, या दारातून बाहेर गेलात तर परत यायचं नाही," निर्माता म्हणाला.

"दार सावकाश लावते," ताई म्हणाल्या. "तुझं रेकॉर्डिंग खराब नको व्हायला."

ठाणं चालत दहा मिनिटांवर होतं. टेबलामागच्या पोलिसाने त्यांचं पूर्ण नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि लिहिलं. मग व्यवसाय विचारला.

"मारामारी," ताई म्हणाल्या.

त्याने मान वर करून पाहिलं.

"लिहा हो. बावीस वर्षांचा अनुभव."

त्याने लिहिलं. काडीपैलवान बाजूच्या बाकावर बसला होता. गालावरची सूज उतरली होती, बोटांचे ठसे अजून पिवळे होते. तो ताईंना बघून उठायला लागला. ताईंनी त्याला हातानेच बस म्हटलं आणि जबाबाखाली सही केली.

सोहळ्याच्या आठ दिवस आधी तो विनोद ताईंनीच स्वतःच्या हाताने लिहून त्याला दिला होता.