निम्मा पाहिलेला भाग

दर्शनच्या जहाजाचा संपर्क तुटून आठवडा झाला होता. कंपनीला फोन केला की एकच उत्तर मिळे, "शोध चालू आहे, मॅडम." जयवंतीला सिंगापूरमधला पुंगोलचा फ्लॅट खायला उठला. घरात काहीतरी आवाज हवा म्हणून तिनं दुपारी टीव्ही लावला आणि रिमोट धरलेला हात तसाच राहिला.

राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागारांवरची ती मालिका दोघं नवराबायको एकाच वेळी बघायचे, तो जहाजावर आणि ती घरी. एकट्यानं पुढचा भाग बघायचा नाही, हा दोघांचा करार. मागच्या भागाच्या शेवटी मुख्य सल्लागार खिशात राजीनामा घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या दारात उभा होता. त्याच्या पुढचा भाग कुणीतरी निम्मा पाहिला होता.

"लबाड कुठला!" ती हसली आणि हसता हसता हमसून रडायला लागली. तिनं रत्नागिरीला सासूबाईंना फोन लावला. "आई, पाण्यात ठेवलेले देव बाहेर काढा. दर्शननं आमच्या अकाउंटवरून एपिसोड बघितलाय. जहाजावर नेट आलंय, आई! तो सुखरूप आहे!"

तिनं फोन ठेवला तेव्हा किमया दारात उभी होती. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, सॉरी. बाबाची आठवण आली म्हणून तो एपिसोड काल मी..."

जयवंतीनं झटकन लेकीच्या तोंडावर हात दाबला.

"पुढचं सांगू नकोस," ती म्हणाली. "बाबा आला की आम्ही दोघं मिळून बघणार आहोत."