उतारावरची शिकवणी

गाडी उताराला लागली तसा मास्तरांनी आपल्या बाजूच्या ब्रेकवरचा पाय काढून घेतला.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. मास्तरांच्या ब्रेकने आजवर चाळीसएक खांब आणि एक अख्खं चपलांचं दुकान वाचवलं होतं. कुत्र्यांची तर गणतीच नाही. आज त्याला सुट्टी. उतार संपतो तिथे वळण, वळणाखाली दगडाची खोल खाण. ऐन वळणावर स्टीअरिंगला एक हिसका दिला की झालं. सोबत आपणही जाऊ, याला मास्तरांची ना नव्हती.

शिकायला आलेला गडी चाळिशीचा. दोन वर्षांपूर्वी याच उतारावर त्याने मास्तरांच्या सात वर्षांच्या मुलाला उडवलं होतं. लायसन्स गेलं, शिक्षा भोगून झाली. आता नव्याने शिकायला आला, तो नेमका यांच्याच दारात. कोर्टात त्याने मान वर केलीच नव्हती, त्यामुळे बापाचा चेहरा त्याला ठाऊक नव्हता. मास्तरांना मात्र ती मान पाठ होती.

"मास्तर, वेग जास्त होतोय का?"

"होऊ द्या हो. मी बसलोय ना शेजारी!"

"म्हणून तर धीर केला. बायको म्हणते, आता सायकलसुद्धा चालवू नका."

"शहाण्या आहेत बाई."

मास्तरांचा हात स्टीअरिंगकडे सरकला. आणि गाडी कचकन थांबली. कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं. समोर रस्ता मोकळा, चिटपाखरू नाही.

"काय झालं?"

"मूल आहे." त्या माणसाने ब्रेक तसाच दाबून धरला होता. "म्हणजे नाहीये, कळतंय मला. पण इथं पायी आलो तरी दिसतं. ते पलीकडे पोचेपर्यंत माझा पाय उचलत नाही."

मास्तर काचेपाशी वाकले. डोळे बारीक करून रस्त्याकडे बघत राहिले.

"कुठवर आलंय?"

"अर्ध्यावर. घाई म्हणून नसतेच त्याला."

"नसतेच," मास्तर म्हणाले.

मागे ट्रक येऊन थांबला आणि त्याने हॉर्नचा नुसता ठणाणा लावला. मास्तरांनी काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडले,

"ए, दम धर की जरा! पोर रस्ता ओलांडतंय, दिसत नाही?"