चौथा खटका

वायरमनच्या गालावर अर्धा फेस तसाच होता आणि न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला होता. "दोनला सगळ्या तालुक्याची लाईट जाणार, आता उद्या सकाळीच येईल," एवढंच वायरमन म्हणाला होता, तेही डोळे मिटून, सहज. न्हाव्याने घड्याळ बघितलं. पावणेदोन होऊन गेले होते.

दुसऱ्या कुणाची लाईट गेली तर फार तर पंखा बंद पडतो. पण या न्हावीबुवाच्या घरी, आतल्या खोलीत, भंगारातल्या भागांचा एक कॉम्प्युटर होता, त्याने स्वतःच्या हाताने जोडलेला. नववीत शाळा सुटली, शिकवायला कुणी नाही. जुन्या पुस्तकांची पानं उलटत आणि बोटं भाजून घेत तो शिकला. यंत्राला कीबोर्ड वगैरे काही नाही. समोर एका ओळीत आठ खटके. ते वर-खाली करून एकेक आकडा आत भरायचा, असे हजारो आकडे. आकडे भरून झाले की याच खटक्यांना वेगवेगळी कामं. दोन वर्षं गडी दुकान उघडायच्या आधी रोज हेच करत होता. आता कुठे ते यंत्र फुली-गोळा खेळायला लागलं होतं, आणि हरत नव्हतं.

पण वीज तुटली की त्याच्या पोटातलं सगळं पुसलं जायचं. तासभर बॅटरी तग धरायची, म्हणून आजवर निभावलं होतं. कायमचं जपायचं तर कॅसेटवर उतरवायला हवं. टेपचा पट्टा सहा महिने तुटलेला होता, तो परवा मिळाला. काल बसवला, कोरी कॅसेटही घातली. आणि हा शहाणा म्हणाला, उतरवू उद्या निवांत. वहीत लिहून ठेवायचाही त्याला कंटाळा. सगळं डोक्यात आहे म्हणायचा. आता घ्या.

अर्धा तास लाईन राहू द्या की, असं त्याने वायरमनला विनवून बघितलं. वायरमन म्हणाला, बंद करणारा तिकडे दुसराच बसलाय, माझी दाढी अर्धी ठेवून काही उपयोग नाही. न्हाव्याच्या मनात अगदी तेच आलं होतं. घर बसने चाळीस मिनिटांवर, आणि टेप बॅटरीवर चालत नव्हता. उरली बायको.

बायको घरी शिवणकाम करायची. दोन वर्षं हा तिच्या पाठीशी बसून यंत्राबद्दल बडबडायचा आणि ती मशीन चालवता चालवता "हं" म्हणायची. तिच्या कानात काही शिरत नाही, हे त्याने केव्हाच गृहीत धरलं होतं.

आणि गोची वेगळीच होती. हा शून्यापासून मोजायचा. यंत्राचं मोजणं तसंच असतं. पहिला तो शून्य, दुसरा तो एक. ही सवय अंगात इतकी भिनली होती की एकदा दुकानात वाट बघणाऱ्या गृहस्थाला तो म्हणाला, तुमचा नंबर शून्य. तो गृहस्थ तडक उठून समोरच्या दुकानात गेला. कॅसेटवर उतरवायचा खटका याच्या हिशेबाने तीन, म्हणजे चारचौघांच्या हिशेबाने चौथा. आणि त्याच्या उजवीकडचा, तोच मोकळा उरला म्हणून, सगळं पुसून टाकणारा. फोन लागेपर्यंत त्याने घोकलं: तिच्यासारखं मोजून सांगायचं, तिच्यासारखं.

बायकोने फोन उचलला. मागे मशीनची घरघर चालूच. टेपची लाल कळ दाब, मग डावीकडून चौथा खटका वर कर, बाकी कशाला हात लावू नकोस, असं त्याने भराभर सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मग त्याला शंका आली. आपण चौथा म्हणालो, की सवयीने तीन नंबरचा? त्याने परत फोन लावला. ती उचलेना. पुन्हा लावला. वस्तरा हातात तसाच धरून तो वळला, तसा वायरमन खुर्चीत मागे सरकला.

"मी काय म्हणालो हो तिला?"

"चौथा. अगदी स्वच्छ चौथा म्हणालात," वायरमन म्हणाला. "आता तेवढी दाढी संपवा, फेस वाळला."

न्हाव्याचा जीव भांड्यात पडला. दोन वाजले, पंखा गरगरत थांबला, तरी त्याला काही वाटलं नाही. त्याने उरलेली दाढी गुणगुणत केली, शटर ओढलं आणि बस पकडली.

बायको दारातच उभी होती, गालातल्या गालात हसत. त्याच्या हाताला धरून तिने त्याला आतल्या खोलीत नेलं. यंत्र गप्प पडलं होतं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्याने खटक्यांवरून बोट फिरवलं. शून्य, एक, दोन, तीन, सगळे खाली. चार वर.

"तुम्ही चौथा म्हणालात, म्हणून मी पाचवा वर केला," ती म्हणाली. "तुमचं शून्यापासून असतं ना? दोन वर्षं ऐकतेय मी. दुसरी कुणी असती तर चौथाच केला असता."

दोन वर्षं गेली होती, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. त्याला रडू आलं. आणि इतकी वर्षं आपण भिंतीशी बोलतोय असं समजत होतो, याची लाजही वाटली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, शाळेत उत्तर देऊन उभ्या राहिलेल्या मुलीसारखी.

"बरोबर ना?" तिने विचारलं.

"अगदी बरोबर."

"मग मलाही शिकवा की हे."

त्याने तिचं स्टूल यंत्राजवळ ओढून घेतलं, वर असलेला खटका हळूच खाली केला आणि म्हणाला, "बस. शून्यापासून सुरू करू."