निवांत

परीक्षेच्या वर्गात, दाराशी ठेवलेल्या पिशव्यांमध्ये एक फोन थरथरायचा थांबेना. वीस वर्षांनी कॉलेजात परतलेल्या तिने आवाजावरूनच आपला फोन ओळखला. "बंद ठेवू नकोस, आईला कालच दवाखान्यातून आणलंय," असं नवऱ्याने निघताना बजावलं होतं. उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिला तोंडपाठ होती.

"ताई, फोन घेतलात तर परत बसता येणार नाही," पर्यवेक्षक म्हणाले.

तिने पेपर त्यांच्या हातात दिला आणि धावत जिन्यात जाऊन फोन लावला.

"किती वेळ लावतेस उचलायला?" नवरा म्हणाला. "नेलकटर कुठे ठेवलंस ते विचारायचं होतं. जाऊ दे, सापडलं. तू लिही निवांत."