पेडल दाबायला माणूस

निंबाअण्णांच्या जुन्या पिकअपमधून महिनाभर घरघर येत होती. आवाज क्लचचा की गिअरबॉक्सचा, हे ओळखायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखालून ऐकायचं. वीस वर्षं पेडल त्यांची बायको दाबायची. ती यंदा वारली. अण्णांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो गाडीखाली ठेवला, इंजिन चालू केलं आणि स्वतःच पेडल दाबलं, सोडलं. रेकॉर्डिंग न ऐकताच नामपूरच्या मिस्तरीला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. "पेडल दाबलं की आवाज बंद होतो, अण्णा. क्लच चांगला हाय, गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय. पण बोलत होता कोणाशी?" "कोणाशीच नाय. मी एकटाच होतो." फोन ठेवून अण्णांनी रेकॉर्डिंग लावलं. घरघर थांबली आणि त्यांचाच आवाज आला, "दाबलं गं. आयकू येतं का?" उत्तरापुरतं थांबून ते म्हणाले होते, "बरं, सोडतो."