मोराची मान

गोपिकाला पाहायला येऊन नकार देणारे आपल्याच समाजातले असायचे. त्यामुळे पुढे त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका रीतीप्रमाणे महाल मोहल्ल्यातल्या या घरी यायचीच. गोपिका त्या पत्रिका जपून ठेवायची. त्यांचे लाल, पिवळे, सोनेरी तुकडे चिकटवून तिनं भिंतीवर लावायला एक मोर केला होता. मानेपुरता निळा कागद काही मिळत नव्हता.

या खेपेला खापा गावचे पाहुणे आले. पोहे खाता खाता मुलाच्या आईची नजर भिंतीवर गेली.

"हा मोर पोरीनंच केला का जी? लय साजरा हाये. आमच्या बैठकीत रेडिओच्या वर शोभून दिसन."

गोपिकाच्या आईचा चेहरा खुलला. "मंग न्या नं जी. आता का तुमचं-आमचं येगळं हाये?"

"त्याची मान राहिली हाये," गोपिका हळूच म्हणाली.

"राहू दे वं. तिकडं गेल्यावर पुरी करजो," आई म्हणाली.

पाहुण्यांनी मोर पेपरात नीट गुंडाळून नेला.



तुळशीचं लग्न झालं आणि खाप्याहून त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली, हुबेहूब मोराच्या मानेसारखी निळी.